निर्माता अनोळखी

तोरगाइरने माउसवर ठेवलेलं बोट उचललं.

“गुडरुन, हे बघ जरा. ‘निर्माता अनोळखी’ म्हणतंय. पुढे जाऊ का?”

गुडरुनने वॅफलची बशी बाजूला सारून चष्मा चढवला. फोटो झटपट लावून देणारा फुकटचा प्रोग्राम होता. साइटच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं तिला लगेच दिसलं. बेटावर उतरणाऱ्या पक्ष्यांच्या तोरगाइरने केलेल्या एकतीस वर्षांच्या नोंदी त्याच्या घरच्या याच संगणकात होत्या. दुसरी प्रत नाही, हे त्यानेच मघाशी हसत सांगितलं होतं.

तीन वर्षांपूर्वी बेटावरच्या संग्रहालयात दोघं एकाच संगणकावर काम करत. म्हाताऱ्या कोळिणींच्या घरोघरी जाऊन गुडरुनने त्यांची जुनी बोली ध्वनिमुद्रित केली होती. एका सकाळी त्यातला एकही आवाज उघडेना. पडद्यावर फक्त खंडणीची मागणी. समितीपुढे तोरगाइर म्हणाला, हिनेच भलती ईमेल उघडली. गुडरुनला काम सोडावं लागलं. त्या म्हाताऱ्यांपैकी आज एकही हयात नाही. व्हायरस खरं तर एका चोरीच्या प्रोग्राममधून आला होता आणि तो तोरगाइरने बसवला होता, हे संगणक दुरुस्त करणारा गेल्या महिन्यात तिच्याशी सहज बोलून गेला.

“किती मागे लागायचीस तू! ‘आधी विचार, मग बसव.’ मी तुला भित्री भागूबाई म्हणायचो,” तोरगाइर म्हणाला. “आता बघ, शहाणा झालोय. तुला विचारल्याशिवाय हात लावत नाही.”

गुडरुनने चष्मा काढून स्वेटरच्या बाहीला पुसला. बराच वेळ पुसला.

“त्या वेळी समितीला तू काय सांगितलंस रे?”

तो खिडकीबाहेर पाहू लागला. धक्क्याला बोट लागत होती.

“जुनं कशाला उकरतेस? झालं ते झालं.”

“खरंय,” ती म्हणाली. “झालं ते झालं. दाब.”

“नक्की ना?”

“मी आहे ना इथे.”

त्याने बटण दाबलं, हुश्श केलं आणि कॉफी आणायला आत गेला.

गुडरुनने खुर्ची पुढे ओढली. पहिल्या वर्षाच्या फाइलचं नाव बदलून भलतीच अक्षरं आली. मग दुसऱ्या वर्षाच्या. संगणकाची वायर तिच्या पायाशीच होती. तिने पाय खुर्चीखाली घेतले.

“साखर किती घालू गं?” आतून आवाज आला.

“घाई नाही,” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. “सावकाश ये.”