नागमोडी जिना

बागेसमोरच्या जुन्या रस्त्यावर बाईंचा फार जीव. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यापासून त्या दर रविवारी सकाळी लोकांना तिथे फिरायला नेत. कुठल्या घराची कमान कुणी बांधली, बागेतली झाडं कुणी लावली, सगळं इतकं रंगवून सांगत की ऐकणाऱ्याला तिथे राहायलाच यावंसं वाटे. मागे तिथली घरं पाडून उंच इमारती उठवायचं घाटत होतं, तेव्हा बाईंनी नगरपालिकेचे उंबरे झिजवले. अखेर सगळा रस्ता जतन यादीत आला. समिती नेमली गेली आणि बाईही तिच्यावर आल्या. आता समितीला विचारल्याशिवाय घरातला खिळासुद्धा हलवायची सोय नव्हती.

फेरीचा शेवट त्यांच्या माहेरी व्हायचा. खाली दादांचं चष्म्यांचं दुकान, वर दादा आणि वहिनी. मधे तो जिना: अरुंद, नागमोडी, कोरीव सागवानी कठड्याचा. लोक कठड्यावरून हात फिरवत आणि खाली ओळीने उभे राहून फोटो काढत.

वहिनींच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि त्या वरच अडकल्या. खिडकीतून बाग दिसायची, तिच्याकडे बघत दिवस काढायच्या. दुकानामागच्या खोलीत ओल होती, तिथे त्यांना ठेवणं शक्य नव्हतं. घर सोडून दुसरीकडे जायला त्या तयार नव्हत्या. एकदा बाईंना म्हणाल्या, “वन्सं, तुमची माणसं आमचं घर बघून त्या बागेत जाऊन बसतात. मला कधी नेता?” बाई हसल्या होत्या. वहिनी पहिल्यापासूनच तिरकस बोलायच्या.

दादांनी समितीकडे रीतसर परवानगी मागितली. कठडा काढून जिना सरळ करायचा, म्हणजे वहिनींना खुर्चीत बसवून खाली नेता येईल. बैठकीत सगळे बाईंकडे बघू लागले. सख्ख्या भावाचं काम म्हणून बाई जास्तच ताठ झाल्या. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं त्या बोलून गेल्या आणि परवानगी नाकारली गेली. बोलणं त्याच संध्याकाळी दादांच्या कानावर गेलं. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, “धाकटे, म्हण जरा बघून वापरायचीस.”

त्यानंतरही बाई लोकांना घेऊन येत राहिल्या. दादा दार उघडून देत आणि पुन्हा काचा घासायला बसत.

असाच एक रविवार. पंधरावीस माणसं जिन्यापाशी दाटीवाटीने उभी, बाई कठड्यावरच्या वेलबुट्टीबद्दल सांगताहेत, तेवढ्यात वरून दादांची हाक आली. आवाजच असा होता की बाई वाक्य अर्धं टाकून धावल्या. वहिनींना श्वास घेता येत नव्हता. ओठ काळेनिळे पडले होते. कुणीतरी खालून रुग्णवाहिका बोलावली. ती लगेच आलीही, पण स्ट्रेचर वळणावर फिरेना. उभं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. मग वहिनींना खुर्चीला बांधून उतरवायला घेतलं, तर खुर्चीचे पाय कठड्यात असे रुतले की वरही जाईना, खालीही येईना. दादा वरून खुर्ची धरून होते. पाहुणे केव्हाच रस्त्यावर सरकले होते. त्यांना कुठे बघावं कळत नव्हतं.

“तोडा तो कठडा,” आधीच खाली उतरलेल्या बाई म्हणाल्या. कुणी हललं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच शेजारच्या सुताराच्या दुकानातून हातोडा आणला आणि घाव घालायला सुरुवात केली. जुनं सागवान दाद देईना. शेवटी रुग्णवाहिकेतल्या माणसाने हातोडा घेऊन कठड्याचा एक भाग पाडला. वहिनींना खाली आणलं, तेव्हा त्यांची मान कलली होती. दवाखान्यात डॉक्टरांना नुसतं सांगायचंच उरलं होतं.

समितीने त्या तुटलेल्या कठड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुढच्या बैठकीत बाईंनी ठराव मांडला: ज्या घरात आजारी किंवा अपंग माणूस असेल, तिथे जिना बदलायला हरकत नसावी. चर्चा न होता ठराव पास झाला. तेवढं सोपं होतं ते, हेच बाईंना घरी येईपर्यंत पचेना.

दादांना सांगायला त्या दुकानात गेल्या. दादा एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी बसवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“आता कुणासाठी, धाकटे?”

बाई उभ्याच होत्या. दादांनी स्टूल पुढे सरकवलं नाही.

फेऱ्या बंद कराव्यात असं त्यांच्या मनात फार आलं. पण पुढच्या रविवारी लोक येऊन थांबले होते आणि त्यांच्या पायांना तोच रस्ता ठाऊक होता. कमानी दाखवल्या, झाडं दाखवली. घरापाशी आल्यावर त्या आत गेल्या नाहीत. बाहेर उभं राहून त्यांनी त्या दिवशी काय झालं ते सगळं सांगितलं: समितीत काय बोलल्या तेही, जसंच्या तसं. एका आईने लेकीचा हात धरून तिला बाजूला नेलं. कुणी फोटो काढला नाही. मागे कुजबुज झाली की सुट्टीच्या दिवशी हे कशाला ऐकवायचं. त्यानंतर माणसं कमी होत गेली.

आत दादांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. ते बाहेर आले नाहीत. दुकानाचं दारही त्यांनी लावून घेतलं नाही.