कमूच्या हातातले सूप

मित्रांनो, मी बांबूच्या पट्ट्यांचे जुने सूप. मोखाड्याच्या डोंगरात, पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका लहानशा पाड्यावर, कमूच्या घरात कुडाच्या भिंतीला टांगलेले असते. माझी एक कड उसवली आहे, पण अजून दाणा गळत नाही.

कमूच्या सासूने मला जव्हारच्या बाजारातून आणले, शेणाने सारवले आणि उन्हात वाळवले. कमू नवी नवरी होती तेव्हा तिला पाखडता येत नसे. सासू हसायची, "अगं, कोंडा उडव, दाणं नको! कोंबड्यांना जेवायला बोलवलंस काय?" पुढे कमूचा हात असा बसला, की आयाबाया पाहायला थांबत.

पाखडण्याआधी कमू चिमूटभर दाणे माझ्या कडेला ठेवी आणि कणसरी मायला हाक मारी. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. भरल्या सुपात ती बसलेली असते, असे आमचा पाडा मानतो. म्हणून अशा सुपाला कोणी पाय लावत नाही आणि ते ज्याच्या हातात आहे त्याच्यावर कोणी हात उगारत नाही.

मग गिरणी आली, रंगीत प्लास्टिकची सुपे आली. सासू गेली, नवराही गेला. कमू एकटी उरली आणि मी भिंतीवर धूर खात राहिले.

यंदा भात घरात आले आणि शेजारच्या देवरामची पोशी तापाने फणफणली. चार वर्षांची पोर. तिची आई सपना धावत आली.

"कमूकाकी, तुमचं सूप द्या ना. भगत दाणे बघणार हाय. आमचं प्लास्टिकचं त्याला चालत नाय."

"ने गं बाय. पण पोरीला दवाखान्यात ने."

"हे ऐकत नाय, काकी."

असे मी देवरामच्या ओटीवर गेले. भगताने माझ्यावर तांदूळ टाकले, बोटाने इकडेतिकडे सारले आणि म्हणाला, "शेजारच्या बाईनं करणी केलीय. एकटी राहते ती."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते. जिने मला जन्मभर हातांवर खेळवले, तिच्यावर माझ्या अंगावरच्या दाण्यांनी बोट ठेवले!

देवरामने मला कमूच्या अंगणात आणून टाकले. "उद्या पाडा न्यायाला बसेल. त्याच्याआधी निघून जा. नाय तर घरासकट पेटवू तुला."

"देवराम, तुझी नाळ माझ्या सासूनं कापलीय रे."

"तीपण तसलीच असंल!"

कमूने दार लावले. लुगडी गाठोड्यात बांधली. जामसरला तिची बहीण होती, तिथे जाता आले असते. पण गाठोडे सोडून ती माझ्याजवळ बसली. तिने माझ्यात नवे तांदूळ ओतले आणि चिमूटभर कडेला ठेवले.

"माय, मला लय भीती वाटते," ती म्हणाली. "हे लोक मारतील. भीती घालव म्हणत नाय. तू फक्त जवळ राहा. आणि त्या पोरीला बघ. तिचा काय गुन्हा?"

हेच ती रात्रभर पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शेजारून पोशीचे कण्हणे ऐकू येत होते. सकाळी ते थांबले. कमू दचकली, तिने मला भरलेले तसेच उचलले आणि दार उघडले.

देवराम काठी घेऊन आडवा आला. मी मधे होते. पहिला घाव माझ्यावर पडणार, असे मला वाटले. पण काठी वरच राहिली.

"सूप खाली ठेव," तो म्हणाला.

"ठेवलं तर मारशील?"

"ठेव बोलतो ना!"

"पोरगी जिवंत हाय का रे?"

आतून सपना ओरडली, "हाय काकी! पण डोळं फिरवते!"

"मग गाडीत घाला तिला. जव्हारला न्या. गाडी हलली की ठेवते. शब्द देते."

उन्हात ती तशीच उभी राहिली. हात भरून आले, दाणे कडेवरून घरंगळू लागले. माणसे जमली, पण पुढे कोणी झाले नाही. सपनाने कोणाला न विचारता पोशीला खांद्यावर टाकले आणि रस्त्यावर सवारीसाठी थांबलेल्या जीपमध्ये जाऊन बसली. जीप सुरू झाली.

कमूने मला जमिनीवर ठेवले. आता तिच्या हातात काही नव्हते. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एवढे कधीच घाबरले नाही. तिने डोळे मिटले. ओठ हलत होते.

"येता का राहता?" सपनाने जीपमधून हाक मारली.

देवरामने कमूकडे पाहिले, जीपकडे पाहिले. आणि काठी हातात तशीच घेऊन तो जीपमागे पळाला.

ताप मेंदूत चढला होता, असे डॉक्टर म्हणाले. पोशी वाचली. पाडा काही बसला नाही. पण कमूची माफीही कोणी मागितली नाही. अजून काही बाया तिला पाहून पोरांना आत ओढतात. कमू अजून घाबरते. रोज पहाटे ती कणसरी मायला आपली भीती सांगते आणि मग दाराची कडी काढते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे सूप असेल तर त्याची उसवलेली कड शिवा, त्याला सारवा. त्यात दाणे घ्या, पाखडा, शिजवा, भुकेल्याला वाढा. पण त्या दाण्यांना कधी कोणा माणसाचे नाव विचारू नका.