पाऊण इंचाचा चमत्कार

“वाढला! वाढला!” सभागृहातली तीनशे माणसं एका सुरात ओरडली. मंचावरच्या खुर्चीत माझे भाऊजी पाय लांब करून बसलेले. समोर ताणेबाबा त्यांच्या पायांतले बूट तळहातांवर धरून डोळे मिटून बसलेला. हाडं ताणतो म्हणून लोकांनीच ठेवलेलं नाव.

“डॉक्टर धातू घालतो, मी प्राण घालतो!” बाबा गरजला. “खुब्याचा गोळा आतून नवा उगवलाय! खांद्याचाही उगवतो. खांदेवाल्यांनी पुढच्या आठवड्यात यावं!”

उगवायला तो काय कांदा आहे? माझ्या डोक्यात तिडीक गेली. गुरुवारी भाऊजींचं खुब्याचं ऑपरेशन होतं, आणखी टाळलं तर काठीनेही चालता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या या शहाण्या भाऊजींनी घरी येताच फोन करून ते रद्द केलं!

दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन माझ्या दुकानात हजर. मी शिंपी.

“शालकबुवा, नवी पँट शिवा. आता दोन्ही पाय सारखे.”

“मग काठी कशाला?”

“बाबा म्हणाले, हाड पक्कं व्हायला वेळ लागतो.”

“हाड आहे का सिमेंट? अंगावरची पँट कुठली?”

“तुम्हीच शिवलेली, जुनी.”

सांध्याची गादी झिजून भाऊजींचा डावा पाय आखूड झालाय. दोन वर्षं मी त्यांच्या पँटचा डावा पाय पाऊण इंच आखूड शिवतोय.

“काल पाय वाढला असेल, तर ही पँट डावीकडे वर चढायला हवी. बघा खाली.”

दोघांनी पाहिलं. दोन्ही काठ बुटांवर अगदी सारखे टेकलेले.

“अरे, पण आम्ही डोळ्यांनी पाहिलं!” ताई म्हणाली.

“लेस सैल करायला लावली होती ना?”

“हो. प्राण आत जायला वाट हवी म्हणून.”

“वाट कसली, टाच बाहेर यायला!”

भाऊजींना स्टुलावर बसवलं, लेस सोडली, दोन्ही बूट हातात धरले आणि डावा हळूच ओढला. टाच बुटात वर सरकली, पाय ‘वाढला’. उभं केलं. टाच खाली बसली, चमत्कार आटोपला.

“मंचावरून उतरताना बूट ढिला लागला होता खरा,” भाऊजी पुटपुटले. मग एकदम म्हणाले, “मला कापाकापीची भीती वाटते रे.”

माझा राग ओसरला. “मग भीती डॉक्टरांना सांगा ना, त्या भामट्याला कशाला?”

संध्याकाळी तिघंही डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी टेबलावर नकली सांधा ठेवला. “तुमचा गोळा आणि वाटी, दोन्ही बदलायचे. हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांना कधीकधी नुसता गोळा पुरतो. खांद्यालाही गोळा-वाटीच. पण तिथले स्नायुबंध फाटले असतील, तर दोघांच्या जागा उलट करतो.” धोके सांगितले, किती वर्षं टिकेल तेही. गोळ्या, व्यायाम करून झाले होतेच. भाऊजींनी वीस प्रश्न विचारले आणि गुरुवारची तारीख पुन्हा पक्की केली.

दोन महिन्यांनी ते काठीशिवाय दुकानात आले. अंगात तीच जुनी पँट, आणि या वेळी डावीकडे पाऊण इंच वर चढलेली.

कुणी हाड वाढवतो म्हणाला, तर आधी बूट काढायला लावा आणि माप घ्या. टेप नसेल तर माझ्याकडून न्या, पण डोकं घरी ठेवून जाऊ नका.