माळवदाखालची लादी

शरणप्पा मांजराच्या पावलानं चालत. शिरूर अनंतपाळात त्यावरून थट्टा व्हायची, की अप्पा दारात येऊन उभे राहिले तरी कुत्रंसुद्धा कान हलवत नाही. त्यांची मुलगी मंजुश्रीही हसायची. वडील असे का चालतात, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती संशोधन करत होती. अप्पा पहिल्यांदाच प्रयोगशाळेत आले, तेव्हा तिनं मोठ्या कौतुकानं त्यांना स्वतः ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर उभं केलं. सिमेंटात कार्बनचे तंतू आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या कार्बनच्याच नळ्या मिसळल्या होत्या. वजन पडलं की आतून जाणारी वीज बदलायची आणि कॉम्प्युटरवरची रेघ हलायची.

"बघा अप्पा, वर कुणी उभं ऱ्हायलं की हिला कळतं."

अप्पा चटका बसल्यासारखे खाली उतरले. मग वाकून त्यांनी लादीवर तळहात टेकवला.

"हिच्यावर दगडमाती घातली तर? तरी कळंल?"

मग त्यांनी सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपात घराचं माळवद, म्हणजे मातीचं जाड छप्पर, बसलं आणि अप्पांची धाकटी बहीण जगदेवी आत गाडली गेली, एवढं मंजुश्रीला ठाऊक होतं. दुपारपर्यंत अप्पा त्या ढिगावर उभे राहून हाका मारत होते, खोऱ्यानं उकरत होते, आणि ती सापडली ती बरोबर त्यांच्या पायाखाली, हे तिला आज कळलं. जगदेवीचं अंग तेव्हा अजून ऊन होतं.

"माझ्या वजनानं गेली का ती, एवढंच सांग. बत्तीस वर्सं झाली, कुणाला इचारावं कळंना."

लादीवर ढीग रचून याचं उत्तर मिळणार नाही, असल्या प्रयोगाला काडीचा अर्थ नाही, हे मंजुश्रीला कळत होतं. पण त्या तोंडाकडं बघून नाही म्हणणं जिवावर आलं.

अप्पांनी आवारातली दगडमाती आणून लादी झाकून भोवतालच्या फरशीवरही पसरेल असा कमरेएवढा ढीग स्वतःच्या हातानं रचला. तिनं रेघ शून्यावर आणली. अप्पा चपला काढून वर चढले. मंजुश्रीनं तारा तपासल्या, पुन्हा पाहिलं. रेघ जागची हलली नव्हती. तिचा जीव भांड्यात पडला.

"न्हाई हलली, अप्पा. तुमचं वजन ढिगातच पसरलं, खाली पोचलंच न्हाई. आत्या तुमच्यामुळं न्हाई गेली."

अप्पा उतरले नाहीत.

"म्हंजे मी वर हाय, हे तिला कळलंच न्हाई."

अप्पांनी टाच आपटली. "आता?" रेघ सरळच होती. मग बत्तीस वर्षं पाय न वाजवलेला तो माणूस दोन्ही पायांनी उड्या मारायला लागला. दगड घरंगळून फरशीवर पडले.

"आता? आता कळलं का तिला?"

"कळलं," मंजुश्री म्हणाली. तिनं पडद्याकडं पाहिलंच नव्हतं.

अप्पा थांबले. ढिगावर उकिडवे बसले, आणि जगदेवीला हाका मारायला लागले.