तेरावा जिना आणि साठ ते सत्तर

मी दात करते. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली आहे, तिथे मी आणि माझा स्पिरिटचा दिवा. कवळ्या बसवून घेणाऱ्यांची तोंडं मला सहसा दिसत नाहीत, फक्त त्यांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे दिसतात. साचे वाद घालत नाहीत, म्हणून आमचं बरं चालतं.

त्या सोमवारी आलेल्या साच्याच्या डब्यावरचं नाव मी दोनदा वाचलं. ‘तेरावा जिना’ लिहिणारा माणूस. बावीस वर्षांपूर्वी दर गुरुवारी लागायची ती मालिका. गावातली एक शिक्षिका नाहीशी होते आणि तिला शोधणारा अधिकारी रोज सकाळी एक खोली कमी असलेल्या घरात जागा होतो. पोस्टमन उलटा चालतो, पण पत्रं बरोबर पोचतात. लोक म्हणायचे, सगळं डोक्यावरून जातं. मग डोकं जरा वर करायचं होतं, कोणी अडवलं होतं?

चॅनेलने एकोणिसाव्या भागानंतर मालिकेचा गाशा गुंडाळला. अधिकारी दार ढकलतो, म्हणतो, “मला वाटतं, ती...” आणि पडदा काळा. पुढच्या गुरुवारी त्या वेळेला पाककृतींची स्पर्धा.

मी आणि दादा मिळून ती बघायचो. मालिका बंद झाली, त्यानंतर तीन महिन्यांनी दादा सकाळी कामावर गेला तो परत आलाच नाही. अपघात नाही, चिठ्ठी नाही, भांडण नाही. पोलीस थकले, नातेवाईक थकले. मी आणि आई थकलो नाही. आता कोणी म्हणेल, मालिका वेगळी आणि दादा वेगळा. कळतं मला. पण ती शिक्षिका जोवर हरवलेली होती, तोवर मला बरं वाटायचं, हे खरं आहे आणि ते सांगायची मला लाज नाही.

डॉक्टर म्हणाले, पेशंटची शुक्रवारी टीव्हीवर मुलाखत आहे, तो म्हणे सगळं रहस्य उलगडणार आहे, तेव्हा कवळी गुरुवारपर्यंत हवीच.

मेणात दात बसवले आणि तिथेच माझ्याकडून चूक झाली. आमच्या डॉक्टरांची पद्धत अशी की मेणातली कवळी तोंडात घालून पेशंटला साठ ते सत्तर आकडे म्हणायला लावायचे. त्यात ‘स’ भरपूर, दात कुठे चुकलेत ते लगेच कळतं. लेखक ‘साठ’ म्हणाला आणि शिट्टी वाजली. ‘एकसष्ट’ला पुन्हा. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. पुढच्या दोन दातांत फट होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीत फट लिहिलेली नव्हती. पण त्याचा तरुणपणचा फोटो बावीस वर्षं माझ्या कपाटावर चिकटवलेला आहे, आणि हातांनी डोक्याला न विचारता त्यातलीच फट ठेवली होती.

डॉक्टर कपाळाला हात लावून पलीकडच्या पेशंटकडे गेले. लेखक आरशात बघत होता. कोणी सांगितलं या फटीबद्दल, त्याने विचारलं. मी फोटोचं सांगितलं, आणि धीर करून विचारलं की शुक्रवारी काय सांगणार.

“ती पहिल्या भागापासून मेलेलीच असते,” तो म्हणाला. “सगळं गाव म्हणजे तिच्या डोक्यातली शेवटची दोन मिनिटं.”

“चूक,” मी म्हणाले.

तो हसायला लागला. मी म्हटलं, हसू नका, मेणातले दात सुटतील.

“नवव्या भागात तिचा डावा गाल सुजलाय. दाढेत पू झालाय. दोन प्रसंगांनंतर सूज निम्म्यावर आलेली दिसते. मेलेल्या माणसाची दाढ अशी बरी होत नाही. बाकी काही नसेल कळत, एवढं मला कळतं.”

“अहो, त्या नटीची दाढ खरंच दुखत होती. शूटिंग थांबवता येईना.”

“ती तुमची अडचण. पडद्यावर आलं ते आमचं झालं.”

तो म्हणाला, बावीस वर्षं लोक विचारतात, केस कापताना न्हावीसुद्धा विचारतो, एकदाचं काहीतरी सांगून मोकळं व्हायचंय. तेव्हा मी त्याला दादाचं सांगितलं, एका दमात.

“सापडली नाही म्हणजे मेली, असं म्हणू नका,” मी म्हणाले. “घरी माझी आई ऐकणार आहे.”

त्याने कवळी काढून माझ्या हातात दिली आणि बोटाने खूण केली, फट बुजवा.

साचा तडकला म्हटलं असतं तर शुक्रवार सहज टळला असता. डॉक्टरांनी विश्वासही ठेवला असता. सबब अगदी ओठांवर आली होती. पण मुद्दाम बिघडवलेलं काम म्हणजे त्याच्या उत्तरासारखंच, सोपं आणि खोटं. मी फट बुजवली, दात घासले, चकाकी आणली. गुरुवारी दुपारी कवळी तयार होती.

शुक्रवारी संध्याकाळी आई माझ्याशेजारी बसली होती. निवेदिकेने तो प्रश्न विचारला तशी ती उठली. तूच ऐक, म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ मोठा सोडला.

लेखकाने सांगितलं. ती पहिल्यापासून मेलेली होती. स्वच्छ, ठणठणीत सांगितलं, एकाही अक्षराला शिट्टी वाजली नाही. इतके चपखल दात मी आजवर कोणाला केले नव्हते.

फोनवर आमच्या चाहत्यांच्या गटात रडारड सुरू झाली. कोणी लिहिलं, चला, सुटलो एकदाचे. मी लिहिलं, ‘लेखक चुकलाय. नववा भाग पुन्हा बघा.’ एकाने विचारलं, अहो, पण त्यानेच लिहिलीय ना? मी लिहिलं, ‘लिहिली असेल. बघितली आपण.’

नळ बंद झाला.

“काय म्हणाला?” आईने आतूनच विचारलं. “सापडली का ती?”

“नाही,” मी म्हणाले. “शोध चालू आहे.”

“मग ठीक आहे,” आई म्हणाली आणि तिने उरलेली भांडी घासायला घेतली.