अर्ध्या सेकंदाचा उशीर

ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगानं रुग्णाला देणारे पंप ही कंपनी बनवायची. पंपाच्या पोटात तळहाताएवढा संगणकाचा बोर्ड, तो चालवणारी लिनक्स प्रणाली, आणि बाहेर बोटानं दाबायची स्क्रीन. नव्या पंपाची ही स्क्रीन कुठल्या टूलकिटमध्ये, म्हणजे बटणं-आकडे रचायच्या कुठल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये बनवायची, एवढंच ताईला ठरवायचं होतं. त्या ‘एवढंच’मध्ये तीन महिने गेले होते.

अट एका ओळीची होती. प्रोग्राम एकदाच लिहायचा आणि तोच पंपावर, नर्सच्या टेबलावरच्या टॅबवर आणि डॉक्टरांच्या मोबाइलवर चालला पाहिजे. सात टूलकिटांपैकी पाच गळाली. एक मोबाइलवर छान चालायचं, पण पंपाच्या इवल्याशा मेमरीत मावेना. दुसऱ्याच्या वापर-परवान्याची भाषा वकिलालाही उमगेना. उरली दोन.

बारा वर्षांपूर्वीही ताईनंच टूलकिट निवडलं होतं. चार वर्षांत ते बनवणाऱ्यांनी हात झटकले आणि पुढची आठ वर्षं तिनं ठिगळं लावली. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. ताई आता साधं पाणीही फुंकायला लागली होती.

उरलेल्या दोनांपैकी एकावर ताईच्याच टीममधल्या मास्तरांचा जीव जडला होता. मास्तर पूर्वी कॉलेजात गणित शिकवायचे, म्हणून हे नाव. त्या टूलकिटमध्ये स्क्रीन वेबपेजसारखी लिहायची. मास्तरांनी तीन आठवड्यांत ती तिन्ही ठिकाणी चालवून दाखवली. आकडे मऊ सरकत, रंग डोळ्यांना गार वाटत. दुसरं टूलकिट जुनं आणि रुक्ष. शिकायला अवघड, आणि मोबाइलसाठी आणखी चार महिने मागणारं.

मास्तरांच्या स्क्रीनला एकच खोड होती. पंपावर बटण दाबलं की कधीकधी अर्धा सेकंद काहीच होत नसे.

“अर्धा सेकंद?” साहेब हसले होते. “ताई, आपल्या लिफ्टला दार बंद करायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. शुक्रवारी मला एक नाव द्या. फार कीस काढू नका.”

गुरुवारी ताईनं नणंदेला बोलावलं. ती अठरा वर्षं नर्स. सकाळची ड्युटी संपवून ती आली ती सुजलेल्या पायांनीच. खुर्चीत बसल्याबसल्या तिनं चपला काढल्या.

“वहिनी, लवकर आटप हं. मी बसले तर इथंच झोपेन.”

टेबलावर दोन पंप होते, एकावर मास्तरांची स्क्रीन, दुसऱ्यावर त्या रुक्ष टूलकिटची; दोन्हीत नुसतं पाणी. मास्तर शेजारीच उभे होते. ताईनं तिला हातमोजे दिले आणि म्हणाली, “औषधाचा वेग पाच आहे, तो सहा कर. वॉर्डात करतेस तसंच.”

नणंदेनं मास्तरांच्या पंपावर अधिकचं बटण दाबलं. काही हललं नाही. तिनं सवयीनं पुन्हा दाबलं, लगेच ‘सुरू’ दाबलं आणि ताईकडे वळून बोलू लागली, “आज एका पेशंटच्या मुलानं इतका जीव खाल्ला, काय सांगू...”

स्क्रीनवर सात होते.

तिनं ते पाहिलंच नव्हतं. मास्तरांनी पाहिलं.

“अहो, आकडा बघून तरी सुरू करायचं ना!” त्यांचा आवाज चढला.

नणंदेनं मान वळवली. सात पाहून तिचा चेहरा उतरला. मग ती हळूच म्हणाली, “दादा, बघायलाच हवं, चुकलंच माझं. पण एका हातात सुई असते, मागून कुणीतरी ओरडत असतं. अशी चूक दिवसातून किती वेळा होईल, ते मला नका विचारू.”

दुसरा पंप तिनं पंधरा वेळा चालवला. पंधराही वेळा आकडा बरोबर आला. “दिसायला दगड आहे अगदी,” ती म्हणाली, “पण ऐकतो.” मास्तरांनी आपल्या पंपाची वायर काढली आणि बराच वेळ ती हातात गुंडाळत राहिले.

शुक्रवारच्या बैठकीत ताईनं दुसऱ्या टूलकिटचं नाव दिलं. साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “मोबाइलचं या वर्षात देतो म्हणून मी दवाखान्यांना शब्द देऊन बसलोय. मास्तर, तुमचं तर तयारच आहे. तो उशीर काढता येईल की नाही?”

मास्तरांनी ‘येईल’ म्हटलं असतं तर ताईकडे भांडायचं त्राण उरलेलं नव्हतं. ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

“महिनाभर तेच करतोय,” मास्तर म्हणाले. “कमी होतो, जात नाही. त्या बोर्डाला हे ओझं झेपत नाही. माझं नको, साहेब. दुसरं घ्या.”

“ठीक आहे,” साहेब शेवटी म्हणाले. “दवाखान्यांना काय सांगायचं ते मी बघतो.” आवाजात राग नव्हता, पण उत्साहही नव्हता.

बाहेर आल्यावर ताईला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. जिन्यात ती म्हणाली, “मास्तर, तुमची मेहनत वाया गेली.”

“गेली खरी,” ते म्हणाले. “ती स्क्रीन बायकोला दाखवली होती. तिला फार आवडली होती.”

सोमवारी मास्तर ते दुसरं टूलकिट शिकायला बसले. दुपारपर्यंत त्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिसऱ्यांदा तीच चूक आल्यावर ताईनं आपली खुर्ची त्यांच्या टेबलाशी ओढली, चष्मा पुसला आणि म्हणाली, “सरका थोडं. पहिल्या ओळीपासून बघू.”