त्या बातमीची साखर

मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे, मित्रांनो. शेळगावात प्रयागबाईंच्या फळीवर मुका बसून असतो. बिघडलेला समजून हसू नका, एके काळी माझा आवाज साऱ्या आळीला पुरायचा!

१९९१ साली त्यांच्या थोरल्या मुलानं, युवराजनं, पहिल्या पगारात मला बारामतीहून आणलं. तो लष्करात अधिकारी. पुढे त्याला दिल्लीत नेमलं, वार्ताहरांना लष्कराची माहिती द्यायला. काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हेच त्याचं काम. बातम्यांत त्याचा आवाज आला की प्रयागबाई पदरानं माझी धूळ पुसायच्या. मी असा फुगायचो, जणू मीच मेजर!

१९९९च्या उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई पेटली. धाकटा भीमा तिथंच होता, साधा शिपाई. सुट्टीवर आलेल्या युवराजला तातडीचं बोलावणं आलं. निघताना प्रयागबाईंनी त्याचा हात धरला.

"भीमाचं काय बी कळलं, तर आधी मला सांगशील?"

"व्हय आई. आधी तुलाच."

एका दुपारी मी युवराजचा आवाज ऐकवला. शिखर ताब्यात आलं, चार जवान शहीद झाले. नावं नाहीत. घरच्यांना कळवल्याशिवाय नाव जाहीर करायचं नाही, असा नियमच होता.

"माझ्या युवराजनं सांगितलं, डोंगर घेतला!" म्हणत प्रयागबाईंनी साखर कारखान्याकडून सभासद म्हणून मिळालेली साखर काढली आणि दारात येईल त्याच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. मीही जोरात गाणी लावून बसलो होतो. अरेरे, मला मेल्याला काय ठाऊक!

दिवेलागणीला लष्कराची जीप निरोप घेऊन आली. त्या चार शहिदांत भीमा होता. प्रयागबाईंच्या बोटांना अजून साखर चिकटलेली होती.

तेराव्यानंतर त्यांनी युवराजला माझ्यासमोरच विचारलं, "बोलताना तुला ठावं हुतं?"

"व्हय. कागदावर नाव हुतं, आई."

"मग मला साखर का वाटू दिलीस रं?"

साऱ्या देशाच्या वार्ताहरांना उत्तरं देणारा तो माणूस. आईच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

प्रयागबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग उठून माझे सेल काढले. ते पुन्हा कधी घातले नाहीत.

मित्रांनो, मला दुरुस्तीला नेऊ नका, मी बिघडलेलो नाही. माझं एवढंच ऐका. बातमीत नुसता आकडा कानावर पडला, तर साखरेचा डबा उघडण्याआधी जरा थांबा. कुणाच्या तरी आईला अजून कळायचं असतं.